धुतलेली साठ रोपं

बुरशी आणायला कुणी रत्नागिरीहून इंदापूरला जातं का? आमच्याकडे पावसाळ्यात बुरशी चपलांवर येते, पुस्तकांवर येते, कपाटातल्या साडीच्या घडीवर येते. मी निघाले तेव्हा माझी धाकटी बहीण म्हणाली, "अगं, आमच्या माळ्यावरची घेऊन जा. पोतंभर देते." तिचं हसून होईपर्यंत मी बॅग भरून घेतली. तिला समजावत बसायला मला वेळ नव्हता.

तुम्हाला मात्र समजावायला हवं, नाहीतर त्या चार दिवसांत मला बसलेले धक्के तुम्हाला धक्के वाटायचेच नाहीत. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि गेली सहा वर्षं एका ऑर्किडच्या मागे लागले आहे. ऑर्किड म्हटलं की आंब्याच्या फांदीवर लोंबणारी फुलं डोळ्यांसमोर येतात. हे तसलं नाही. हे जमिनीत वाढतं, आणि जमीन कुठली, तर इंदापूरच्या माळावरची, जिथं कुसळाशिवाय काही उगवत असेल असं वरून वाटायचं नाही. गुडघाभर दांडा, त्यावर पिवळी फुलं, आत किरमिजी छटा आणि मातीखाली कंद. तिकडचे लोक त्याला नुसतं कांदा म्हणतात. पूर्वी पुष्कळ होतं म्हणे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दोन दिवस उन्हात फिरून अकरा झाडं सापडली होती.

ह्याचं बी म्हणजे निव्वळ धूळ. इतर बियांत रोपाच्या पहिल्या दिवसांपुरतं अन्न असतं, ह्यात काही म्हणजे काही नसतं. शिदोरी न बांधता घराबाहेर काढलेलं पोर. मातीत एक ठरावीक बुरशी असते, ती त्या बीत शिरते, त्याला भरवते, तेव्हा कुठं ते रुजतं. बुरशी नाही तर रोप नाही. ही बुरशी मोठ्या झाडाच्या मुळात राहते. मुळाचा पातळ काप काढायचा, ओटच्या पिठाच्या खळीवर ठेवायचा, पांढरे धागे निघाले की त्यावर बी पेरायचं आणि वाट बघायची. माझी चार वर्षं नुसती वाट बघण्यात गेली. पाचव्या वर्षी रोपं तयार झाली. साठ! मी अख्ख्या स्टाफरूमला पेढे वाटले.

तिकडच्या उन्हावाऱ्याची सवय व्हावी म्हणून जूनच्या सुरुवातीला साठही रोपं प्रयोगशाळेतल्या शिपायाबरोबर इंदापूर तालुक्यातल्या कळसला पाठवली. जून सरता सरता प्रयोगशाळेत डोळ्यांना न दिसणारे किडे शिरले. एका काचेच्या ताटलीतून दुसरीत असे ते चालत गेले आणि मी जपून ठेवलेल्या सगळ्या बुरशीत त्यांनी घाण कालवली. एकही ताटली वाचली नाही. तरी मी रडले नाही, कारण रोपं कळसला सुखरूप होती आणि त्यांच्या मुळांत बुरशी होती. माझ्या हाती आता तेवढीच उरली होती. दोन-चार रोपांची मुळं परत आणायची, बाकीची रोपं माळावर लावायची, असा साधासरळ बेत करून यंदाच्या, म्हणजे शहाण्णवच्या, जुलैअखेर मी निघाले.

बारामती

दुष्काळी भाग, दुष्काळी भाग असं ऐकत बारामतीला उतरावं आणि समोर हिरवंगार दिसावं, हा पहिला धक्का. मागच्या खेपांनाही तो बसला होता, तरी पुन्हा बसला. पाटाचं पाणी, ऊस, द्राक्षांचे मांडव, स्टँडबाहेर पाइप आणि पंप विकणाऱ्या दुकानांची रांग. आमच्याकडे आभाळ फाटल्यासारखं कोसळतं आणि मार्चमध्ये विहिरीचा तळ दिसतो. इथं आभाळ कोरडं ठणठणीत आणि पाट दुथडी भरून. मला ह्याचा चक्क राग येतो.

किसनराव न्यायला आले होते. साठीचे, उंच, पांढरा सदरा-लेंगा, खिशाला दोन पेनं. "जयभीम बाई," म्हणाले आणि माझ्या हातातली बॅग ओढूनच घेतली. त्यांची सारी नोकरी उसाच्या बेणेमळ्यावर मुकादम म्हणून गेली. बेणेमळा म्हणजे लावणीसाठी निरोगी उसाच्या कांड्या तयार करतात ती जागा. सहा वर्षांपूर्वी माळावर वाट चुकून, तहानेनं जीव जायची वेळ आलेली असताना, ह्यांनीच मला घरी नेऊन ताक पाजलं होतं. तेव्हापासून कांद्याचं वेड त्यांनाही लागलं. रोपं मी त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे ठेवलीच नसती.

"रोपं कशी आहेत?" मी पहिलं तेच विचारलं.

"आत्ता सांगत न्हाय. डोळ्यानं बघा." आणि मिशीत हसले.

वडापच्या जीपमध्ये अकरा माणसं, एक शेळी आणि आम्ही. भवानीनगरला चहाला उतरलो. गळीत हंगाम नव्हता, साखर कारखान्याचं धुराडं गप्प होतं, पण टपरीवरचा प्रत्येक जण "राम राम मुकादम", "जयभीम मुकादम" करत होता. चहा असा की चमचा उभा राहील. साखरेच्या गावात साखर बेतानं घाला म्हणायची माझी हिंमत झाली नाही. एक शेतकरी किसनरावांना उसाचं काही विचारायला आला, तर त्याला दहा मिनिटं धारेवर धरलं. "धुतलं व्हतं का? औषधात बुडवलं व्हतं का? न्हाय न्हवं? मग माझ्याकडं कशापायी आलास?" मला फार मजा वाटली. आपल्या कामावर इतका जीव असलेला माणूस विरळाच.

पुढं पाट संपला आणि हिरवाही संपला, सुरीनं कापल्यासारखा. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला भाजलेली जमीन, मध्ये फक्त रस्ता. ढग वरून जात होते, पण थांबत नव्हते. "हितं ते फकस्त रस्ता वापरत्यात," किसनराव म्हणाले.

कळस

घर तीन खोल्यांचं, समोर पडवी, आत भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, त्याला ताजा हार. वत्सलावहिनींनी, म्हणजे किसनरावांच्या पत्नीनं, गूळ-शेंगदाणे आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मी पाणी तोंडाला लावलं ते रोपांकडे बघतच.

काय सांगू! जूनमध्ये पाठवली तेव्हा मरतुकडी, पोपटी रोपं होती. आता एकेकाला तीन-तीन पानं, गडद, ताठ, पडवीच्या सावलीत ओळीनं मांडलेली, एकही गेलेलं नाही. "किसनराव, तुमच्या हाताला गुण आहे," मी म्हणाले. वहिनींनी पदर तोंडाला लावला.

एक रोप उचललं. प्लॅस्टिकचा पेला हलकेच दाबून मातीचा गोळा तळहातावर घेतला. माती लाल होती. मी काळ्या-भुऱ्या मिश्रणात लावून पाठवली होती. मुळं पांढरीशुभ्र, नितळ, घासूनपुसून काढल्यासारखी.

"ही माती माझी नाही," मी म्हणाले.

"न्हाईच. बदलली." किसनराव पुढं सरसावले. हीच ती गोष्ट, जी त्यांनी बारामतीपासून पोटात धरून ठेवली होती. "बाई, तुमची रोपं आली ना, त्यास्नी बुरशी लागली व्हती. मातीत पांढरं जाळं, मुळ्यांवर बी. म्हनलं, बाईंची पाच वर्सं वाया. मग एकेक रोप काढलं, तीन पान्यानं धुतलं, औषधात बुडवलं, नव्या मातीत लावलं. दोन दिवस लागलं आमाला, ही बी बसली व्हती माझ्यासंगं. एक मेलं न्हाय. बुरशीचा मागमूस न्हाय ठेवला."

माझ्या हातातून ते रोप पडलं. खरोखर पडलं. औषध म्हणजे नुसतं वरवर लागणारं नव्हे, मुळाच्या आतपर्यंत भिनणारं बुरशीनाशक, उसाच्या कांड्या ज्यात बुडवतात ते. मी डबा मागितला, लेबल वाचलं, पुन्हा वाचलं. कुठं शंकेला जागा नव्हती. साठच्या साठ रोपं, दोन दिवस खपून, मायेनं, एकेक करून.

"किसनराव, ती बुरशी मीच घातली होती," मी ओरडलेच. "तीच तर हवी होती! तिच्याशिवाय ह्या झाडाचं एक बी रुजणार नाही! सगळी संपली. माझ्याकडची शेवटची होती ती!"

"तुमी घातली? बुरशी?" ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू उन्हानं माझं डोकं फिरलं असावं. मग मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, वर तुम्हाला सांगितलं ते सगळं. त्यांचा चेहरा उतरत गेला. पडवीच्या कट्ट्यावर ते हळूहळू खाली बसले.

मग म्हणाले, "आन हे मला आजच का सांगितलं?"

उत्तर होतं, पण लाजिरवाणं. शिपायाबरोबर दिलेल्या चिठ्ठीत मी लिहिलं होतं, सावलीत ठेवा, पाणी बेतानं द्या, पोटच्या पोरासारखी जपा. बुरशीबद्दल अवाक्षर नव्हतं. सहा वर्षांत कधी बोललेच नव्हते. ह्यांना काय समजणार, उगाच किळस वाटेल, असं मी आपल्या मनानं ठरवून टाकलं होतं.

"पोटच्या पोरासारखं जपा, असं लिहिलंत तुमी," किसनराव म्हणाले. आवाज चढला नव्हता. "पोराच्या अंगाला बुरशी दिसली तर कोन ठिवतं, बाई? सारी नोकरी मी लोकास्नी हेच शिकिवलं. दिसली की मारा. ही पाळायची हाय, येवढा एक शब्द लिहिला असता तुमी, तर मी तिला दूध पाजून वाढवली असती."

मला इतकं स्पष्ट गेल्या कित्येक वर्षांत कुणी सुनावलं नव्हतं, आणि एकही शब्द खोटा नव्हता. वहिनी मध्ये पडल्या. "आता दोघंबी गप बसा आन चार घास खावा. भाकरी वाळली." पिठलं-भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा होता. एरवी त्या ठेच्यानं माझ्या डोळ्यांत पाणी येतं. त्या दिवशी आलं त्याचा दोष ठेच्याला देता आला, तेवढं बरं झालं. किसनरावांनी ताटाला हातसुद्धा लावला नाही.

माळ

सकाळी उठून आम्ही माळाकडे चालत निघालो. आता एकच रस्ता उरला होता. रानात उगवलेलं एखादं जिवंत झाड शोधायचं, त्याची दोन मुळं घ्यायची, बुरशी पुन्हा तिथून मिळवायची. अकरा झाडांच्या जागा मला तोंडपाठ होत्या. दहा मिनिटं चालल्यावर एक चिंकारा समोरून उडी मारून गेला आणि मला वाटलं, शुभशकुन आहे.

कसला शकुन! चढ ओलांडला आणि मी थिजलेच. माळ होता तिथं चर होते. एकाला एक लागून, यंत्रानं खणलेले, लांबच लांब, आणि त्यांच्या काठानं झाडांची रोपं लावलेली. माळाचं गवत उलटंपालटं होऊन मातीखाली गेलेलं. जिथं माझी पाच झाडं एका दगडाच्या सावलीत होती तो दगडसुद्धा चराच्या पोटात पडला होता. मी वेड्यासारखी एका चरातून दुसऱ्या चरात उतरत राहिले. माती उकरली, हातानं चाळली. नखात खडे घुसले. काही नाही.

तिथं एक म्हातारा मेंढपाळ घोंगडीवर बसला होता. किसनराव त्याला आबा म्हणाले. "मोकळा पडला व्हता म्हनं माळ," आबा म्हणाला. "मोकळा कुठं व्हता? माझी मेंढरं व्हती, हरनं व्हती, लांडगा व्हता, तुमचा कांदा व्हता. पन झाड दिसलं न्हाय म्हंजी त्यास्नी मोकळाच."

चर खणणाऱ्यानं वाईट हेतूनं खणले नसणार, झाडं लावायची म्हणूनच खणले. त्यानं माझा राग कमी होईना. कोकणात झाड तोडलं की आपण हळहळतो. झाड लावून नाश होतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि वर्गात शिकवलंही होतं, पण डोळ्यांनी पाहिलं ते पहिल्यांदा. मी चराच्या काठावर बसून ढसाढसा रडले. आबा अवघडून मेंढरांकडे बघत राहिला.

परतताना किसनराव मध्येच थांबले. आदल्या दिवसापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. "बाई, पारूकडं एक हाय."

पारूबाई त्यांची धाकटी बहीण, उजनी धरणाच्या पाण्याकाठी पळसदेवला राहते. तीन वर्षांपूर्वी त्यांनी ह्याच माळावरून एक कांदा नेऊन तिच्या परसात लावला होता. गेल्या दिवाळीला ते तिच्याकडे गेले तेव्हा जोरात होता. मी त्यांचा हातच धरला. गावात पोचल्याबरोबर त्यांनी दुकानातल्या फोनवरून पळसदेवच्या दुकानात निरोप ठेवला. मी शेजारीच उभी होते. "पारूला म्हनावं, रत्नागिरीच्या बाई उद्या येत्यात. खास त्या परसातल्या कांद्यासाठी येत्यात. लई लांबून आल्यात म्हनावं." निरोप चोख होता. मला त्यात काडीचीही खोट दिसली नाही.

पळसदेव

पळसदेवला पाणी बरंच मागे हटलेलं होतं आणि धरणात बुडालेलं जुनं देऊळ अर्धंअधिक वर आलं होतं. काठाच्या भेगाळलेल्या चिखलात होड्या कलंडून पडल्या होत्या. वरच्या अंगाला पाण्याच्या मोटारी घरघरत होत्या आणि ऊस पार पाण्यापर्यंत आला होता. मला हे सगळं सावकाश बघायचं होतं, पण आधी कांदा.

पारूबाई दारातच उभ्या होत्या, पन्नाशीच्या, ठेंगण्या, बोलण्यात कुणाला हार न जाणाऱ्या. "आधी कांदा दाखवा," मी म्हणाले. "आधी हातपाय धुवा, मग जेवा, मग बाकी समदं," त्या म्हणाल्या. आमच्याकडेही आग्रह करतात, पण पाहुण्यानं तीनदा नको म्हटलं की सोडून देतात. इथं तशी सोय नाही. मी बसले.

जेवणात चिलापीचं कालवण होतं. गोड्या पाण्याच्या माशाला आम्ही समुद्राकाठचे लोक नाकं मुरडतो, पण खोटं कशाला सांगू, दोन भाकऱ्या कधी संपल्या कळलं नाही. काटे मात्र जीव घेतील एवढे. मग पारूबाईंनी वाटीत खीर वाढली. दाट, गुळाची, वेलदोडा घातलेली, आणि त्यात किसलेलं काहीतरी मऊ, किंचित चिकट. दोन दिवसांत पहिल्यांदाच मला चव लागत होती. मी वाटी निपटून खाल्ली. "आणखी थोडी आहे का हो?" असंही विचारलं. हो, मी विचारलं. पारूबाईंचा चेहरा फुलला. त्यांनी पातेलं खरवडून उरलेली सगळी वाढली.

"फार छान. कशाची आहे?"

"कशाची म्हंजी? तुमी ज्यासाठी आलाव त्याचीच की!"

मला आधी कळलंच नाही. किसनरावांना कळलं. त्यांच्या हातातला तांब्या कलंडला. "पारे," ते म्हणाले, "कांदा कुठं हाय?"

"ह्यो काय, बाईंच्या पोटात." त्या हसत होत्या. "सांच्याला तुजा निरोप आला, लई लांबनं खास कांद्यासाठी येत्यात म्हनून. म्हनलं, येवढ्या लांबनं आल्यात तर ताजा घालावा. सकाळीच खनला. चांगला मुठीयेवढा व्हता. ताकदीला लई चांगला असतुया."

मी वाटीकडे बघत राहिले. मला ठाऊक असलेलं, माळावरचं शेवटचं झाड, आणि मी दुसऱ्यांदा मागून खाल्लं होतं! हसावं, रडावं की ओकावं, काही सुचेना. सहा वर्षं ज्याला वाचवण्यासाठी धडपडले त्याचा शेवटचा घास माझ्याच तोंडात, वर वेलदोडा!

आणि मग एकदम डोक्यात उजेड पडला. कंद खाल्ला, पण बुरशी कंदात नसते. मुळांत असते. "मुळं!" मी उठून उभीच राहिले. "पारूबाई, मुळ्यांचं काय केलंत? मुळ्या कुठं टाकल्या?"

"मुळ्या कोन खातं? साली टाकल्या उकिरड्यात..."

पुढचं ऐकायला मी थांबलेच नाही. खरकट्या हातानं परसात धावले. उकिरड्यावर कोंबड्या उकरत होत्या, त्यांना हाकललं आणि कोपरापर्यंत हात घातले. शेण, राख, माशाचे खवले, काटे. कांद्याच्या साली सापडल्या, मुळं काही सापडेनात. किसनरावही आले, लेंगा वर खोचून माझ्याशेजारी बसून उकरायला लागले. दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही. कुंपणापलीकडून शेजारच्या दोन बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या.

"अवो बाई!" पारूबाई दारातून ओरडल्या. "मुळ्या तितं न्हाईत! ऐकून तरी घ्या! तितं साली टाकल्या. डोळा कुनी उकिरड्यात टाकतं व्हय? डोळा मी परत लावला!"

आम्ही दोघंही शेणानं माखलेल्या हातांनी तसेच उभे राहिलो.

मोरीच्या पाण्याचा ओघळ जिथं जाऊन मुरतो तिथं, अळवाच्या शेजारी, त्यांनी बोट दाखवलं. ओल्या मातीतून अंगठ्याएवढा कोंभ वर आलेला आणि कंदाचा वरचा कापलेला तुकडा, मुळ्यांसकट, मातीत नीट दाबून बसवलेला. पारूबाईंना मोठं नवल वाटत होतं की ह्यात सांगण्यासारखं काय आहे. सुरण असो, अळू असो, ऊस असो, खायचं ते खायचं आणि डोळा जमिनीला परत द्यायचा, त्यांची आई असंच करायची.

किसनरावांनी अतिशय जपून विचारलं, "औषधात बुडवला न्हाईस ना?"

"औषध तुज्याकडं असतंय. माज्याकडं कुठलं?"

मी खाली वाकले आणि पारूबाईंच्या पायांना हात लावला. त्या दचकून मागे सरल्या. "आगं बया! खीर येवढी आवडली व्हय?" किसनराव हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा हसले, आणि मीही.

हात स्वच्छ धुतल्यावर मी कोंभाशेजारची तीन बारीक मुळं कापून ओल्या कागदात गुंडाळली आणि कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीत ठेवली. शिवाय माळावर पुरण्यासाठी मी बियांची पाकिटं आणली होती. फोटोच्या स्लाइडच्या चौकटीत बारीक नायलॉनच्या कापडाचे दोन पदर आणि मध्ये चिमूटभर बी. माती आणि बुरशी आत शिरते, बी बाहेर पडत नाही. अशी बारा पाकिटं कोंभाभोवती पुरली, प्रत्येकाला दोरा आणि नंबर. धुतलेली साठ रोपं तूर्त कळसच्या पडवीतच ठेवायची ठरली. ह्या वेळी मी किसनरावांना एकही गोष्ट सांगायची ठेवली नाही. बुरशी कशी शिरते, का भरवते, कशानं मरते, दोन महिन्यांनी काय दिसायला हवं. ते वहीत लिहून घेत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजी ही बुरशी त्या बियाची आई हाय."

"दाई म्हणा," मी म्हणाले.

"दाई," त्यांनी लिहिलं आणि खाली रेघ मारली.

रत्नागिरी

घरी आल्यावर डबी उघडली. तिन्ही मुळांचे काप केले, खळीवर ठेवले आणि देवापुढं उभं राहावं तशी रोज त्या ताटल्यांपुढं उभी राहिले. पहिल्याच आठवड्यात तिन्ही कुजली. जिवाणूंचा पिवळा चिकटा पसरला आणि धागा एकही निघाला नाही. मी कळसला कळवलंच नाही. कळवायला तोंड नव्हतं. आणखी मुळं कापली असती तर कोंभच गेला असता. आता उरली होती फक्त ती बारा पाकिटं, आणि खरं सांगायचं तर मोरीच्या पाण्यात पुरलेल्या धुळीकडून मी काही अपेक्षाच ठेवली नव्हती.

दिवाळीनंतर पोस्टानं एक चपटा डबा आला. पत्ता किसनरावांच्या अक्षरात. आत केळीच्या ओल्या सोपटात गुंडाळलेलं एक पाकीट, मातीनं लडबडलेलं, त्याच्याबरोबर वहीचा कागद:

"जयभीम बाई. पाकीट नंबर सात. पारूने काढले, मी समोर उभा होतो. कोंभाला चार पाने आहेत. पाकिटाची माती झटकलेली नाही. धुतलेले नाही. कुठलेही औषध लावलेले नाही. फुंकरसुद्धा मारलेली नाही. आपला, किसन."

सूक्ष्मदर्शकाखाली नायलॉनचा पदर सोडवला. धूळ, धूळ, नुसती धूळ. पाकीट सरकवलं. आणि कोपऱ्यात, मोहरीच्या चौथाईएवढे, पाच फुगीर पांढरे दाणे, अंगावर बारीक लव, आणि त्या लवेतून मातीकडे गेलेले धागे. रुजलेलं बी. पाच बिया! मी खुर्चीवरून उठले आणि पुन्हा बसले. शिपाई काय झालं म्हणून धावत आला, कारण मी मोठ्यानं ओरडले होते म्हणे.

तशीच कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले आणि कळसच्या दुकानात फोन लावला. किसनरावांना बोलवायला माणूस गेला. पलीकडे दुकानात बरीच गर्दी असावी, लावणीचे दिवस, ऊस, टनेज, लोन, सगळं ऐकू येत होतं. मग त्यांचा धापा टाकणारा आवाज आला.

"किसनराव, आली!" मी म्हणाले. "बुरशी आली! पाच बियांत आली!"

ते एवढ्या जोरानं ओरडले की मला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. "आली! आरं, बुरशी आली!"

गजबजलेलं ते दुकान एकदम चिडीचूप झालं. मग कुणीतरी घाबऱ्या आवाजात विचारलेलं मला रत्नागिरीत स्पष्ट ऐकू आलं, "कुनाच्या उसाला, मुकादम?"

"उसाला न्हाय रं," किसनराव म्हणाले. "आपल्या कांद्याला."